साहेबांच्या मापाची सीट

४ फेब्रुवारी, मंगळवार

देवपूजा आटोपून लिहायला बसले. आजपासून रोज लिहायचं. घरखर्चाच्या वहीत मनातलं लिहायला जागा नसते, आणि लिहिलं तर बेरीज चुकते.

ह्यांना काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, इथं ठेवून आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरीच आरामात राहू द्या. म्हणजे त्यांचं काम संपलं, पुढचं माझं. लेकीला फोन करून सांगितलं, बाबांना सोडलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. तिच्याकडची लाइन नेहमीच खराब असते.

अॅम्ब्युलन्समध्ये पडल्या पडल्या हे म्हणाले, एकदा आपल्या गाडीतून धरणापर्यंत जाऊन येऊ. ऑपरेशनपासून डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. आपल्या गाडीचं दार अरुंद, सीट खाली. बसणार कसे? रात्रभर विचार केला. पाय वाकत नसेल तर गाडी वाकवायची.

जेवण: अर्धी वाटी भात. (बराचसा ताटात राहिला. पण खाणारच होते, तेवढ्यात डोळा लागला. म्हणून अर्धी वाटीच धरली.)

७ फेब्रुवारी

मिस्त्री भावजी येऊन गेले. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. अंगणातल्या गाडीला त्यांनी एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली, म्हणाले, वहिनी, हिला कापत बसण्यापेक्षा नवीनच बनवू. भंगारवाल्याकडे एका डिलिव्हरी व्हॅनचा सांगाडा पडून आहे, बाजूला सरकणाऱ्या दाराचा. आपल्या गाडीचं इंजिन आणि चाकं त्याला बसवायची. सीट रेलवर. ती दाराबाहेर ओढायची, हे बसले की पाय ताठ ठेवूनच आत ढकलायची. ड्रॉवरसारखी.

विचारलं, किती दिवस? म्हणाले, पंधरा, फार तर.

मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते. २२ ला गाडी तयार, २३ ला रविवार. धरण. डबा, थर्मास, शाल.

देवाला सांगितलं, गाडी होईपर्यंत चहात साखर घालणार नाही.

भावजींना म्हटलं, आत जाऊन भेटा ना त्यांना. म्हणाले, हात ग्रीसचे आहेत वहिनी, उद्या भेटतो. काम अजून सुरू व्हायचं होतं, पण मेकॅनिकच्या हाताला ग्रीस असतंच.

१२ फेब्रुवारी

सांगाडा आला. अंगणात मावला, पण आता कपडे वाळत घालायला जागा नाही. दोरी स्टिअरिंगपासून खिडकीपर्यंत बांधली.

माझी मैत्रीण गादीवाली बघायला आली. ती सोफ्याची कव्हरं आणि गाद्या करते. म्हणाली, अगं, ही गाडी आहे की खुराडं? म्हटलं, तू फक्त सीट कर, बाकीचं देव बघेल. म्हणाली, का, देवाला वेल्डिंग येतं? तिचं बोलणं असंच. पण मजुरी घेणार नाही म्हणाली, म्हणून ऐकून घेतलं.

चहात गूळ घातला. गूळ म्हणजे साखर नव्हे.

१८ फेब्रुवारी

गादीवाली टेप घेऊन माप घ्यायला आली, तिला दारातच अडवलं. आजारी माणसाचं माप घेऊ नये, असं आमची आई म्हणायची. माप घेतलं की तो तेवढ्यावरच थांबतो, पुढे भरत नाही. गादीवाली म्हणाली, मग काय डोळे मिटून कापू? खुर्चीचं माप घेताना खुर्चीने कधी तक्रार केली नाही.

तेव्हा मी कपाटातून ह्यांचा कोट काढला. रिटायर झाले त्या दिवशी घातला होता तो. आत उशा भरल्या, बटणं तटतटेपर्यंत. त्या दिवशीही तटतटतच होती. पॅन्टमध्ये जुन्या चादरी. डावा पाय ताठ राहावा म्हणून झाडूचा दांडा. भावजींनी त्याला व्हॅनमध्ये स्टुलावर टेकवून बसवलं आणि सलाम केला. म्हणाले, या साहेब, तुमचीच वाट बघत होतो.

आता सगळं काम साहेबांच्या मापाने चाललं आहे. वर दोन दोन बोटं जास्त धरायला सांगितली. कपडे शिवताना मी नेहमीच धरते. हे आता अंग धरतील, तेव्हा सीट घट्ट व्हायला नको.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गाडी तयार नाही. भावजी म्हणतात, खालचा पत्रा चाळणी झाला आहे, आधी तो बदलावा लागेल. नवीन तारीख ८ मार्च. उशीर झाला ते बरंच, उद्या ऊन कडक असणार.

चहाबरोबर बिस्कीट खाल्लं. बिस्किटातली साखर मी घातलेली नव्हती.

२७ फेब्रुवारी

दिवसभर पॉलिश पेपरने पत्रा घासला. हात सोलवटले. हे आतून हाक मारत होते. गेले तर म्हणाले, काही नको, जरा बस नुसती. म्हटलं, बसायला वेळ कुठे आहे, सगळं तुमचंच चाललंय. म्हणाले, तेच तर. कळलं नाही काय ते. पत्रा ओला होता, गंजला असता, म्हणून परत आले.

संकल्प: गाडी झाली की त्यांच्याजवळ रोज संध्याकाळी बसायचं.

४ मार्च

पोस्टमन फाटकाशी आला आणि साहेबांना नमस्कार करून गेला. मला म्हणाला, साहेब बरे दिसतात हल्ली, तब्येत सुधारली. कोणी चांगलं बोललं तर खोडू नये.

ह्यांनी खाटेवरून ऐकलं. विचारलं, बाहेर कोण साहेब आलेत? म्हटलं, भावजींच्या ओळखीचे. म्हणाले, रोज येतात आणि एक शब्द बोलत नाहीत, चांगला माणूस आहे.

जेवण: एक वाटी सूप. (पाव वाटी. वर दूध घेतो म्हणाले होते. घेतलं नाही, पण म्हणाले होते.)

८ मार्च

गाडी तयार नाही. कारण लिहीत नाही, फार तांत्रिक आहे. भावजी स्वतःवरच चिडले होते. रेल उलट्या बाजूने वेल्ड झाली, सीट बाहेर यायच्या ऐवजी ड्रायव्हरच्या अंगावर जात होती. साहेब दोनदा तोंडावर पडले.

गादीवाली म्हणाली, खरा माणूस बसवायच्या आधी निदान एकदा त्याला विचारा तरी. मी म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाली, घरासमोर महिनाभर हातोडा चालतोय, कसलं डोंबलाचं सरप्राइज.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, तू बाबांजवळ असतेस ना? म्हटलं, चोवीस तास, भिंतीच्या अलीकडे ते, पलीकडे मी. म्हणाली, मी रजा टाकून येते. मी नको म्हटलं. गाडी झाल्यावर ये, धरणावर सगळेच जाऊ. एकाच प्रवासात दोन्ही होईल.

१४ मार्च

ह्यांचा पायजमा सारखा घसरतो. हल्ली इलॅस्टिक चांगलं येत नाही. बोटातली अंगठी धुताना दोनदा मोरीत गेली, म्हणून काढून देवाजवळ ठेवली. थंडीने बोटं आखडतात. मार्चमध्ये थंडी नाही, पण ह्यांची खोली पहिल्यापासून गार.

भावजींना पुन्हा म्हटलं, आत चला. म्हणाले, कपड्यांना वेल्डिंगचा वास आहे वहिनी, त्याला त्रास होईल. मग खिडकीखाली उभं राहून मोठ्याने ओरडले, काय रे, उठतोस की नाही, गाडी होत आली. हे आतून म्हणाले, गाडी राहू दे, तू ये. पण ते इतकं हळू होतं की मलाच जेमतेम ऐकू आलं. भावजींना सांगितलं, येतो म्हणाले.

२१ मार्च

रंग दिला. स्वयंपाकघराच्या भिंतीचा पिवळा उरलेला होता, तो अर्ध्या गाडीला पुरला. उरलेल्या अर्ध्याला फाटकाचा हिरवा. रंगाचा नवीन डबा घेण्यासारखं काही नव्हतं. गादीवाली म्हणाली, लांबून भेंडी कुजल्यासारखी दिसते. तिचं सीटचं काम मात्र फार छान झालंय. आमच्याच जुन्या गादीचा कापूस, दिवाणखान्याच्या पडद्यांचं कापड. साहेबांना अगदी बरोब्बर. हात टेकायला दोन्हीकडे जागा.

इंजिन सुरू झालं. धूर झाला, शेजारच्या वहिनी बादली घेऊन धावत आल्या. भावजींचे डोळे पाण्याने भरले होते. धुराने.

ह्यांना वाटीत आवाज आणून देता आला असता तर दिला असता. खिडकी उघडली, विचारलं, ऐकलंत का? मान हलवली. म्हणाले, टायमिंग जरा मागे आहे. म्हणजे डोकं एकदम शाबूत. लेकीला लगेच कळवलं.

चहात साखर घातली. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी झाली, असंच कोणीही म्हणेल.

३० मार्च

सिस्टर ड्रेसिंगला येतात, त्या बाहेर येऊन म्हणाल्या, काकू, मुलीला बोलावून घ्या. म्हटलं, गाडीचे ब्रेक राहिलेत फक्त. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना गाडीतलं काही कळत नाही.

तरी लेकीला फोन केला. म्हटलं, यायचं असेल तर ये, ब्रेक होतच आलेत. ती म्हणाली, तिकीट काढून ठेवलंय आई. तू नको म्हणशील म्हणून सांगितलं नव्हतं.

पक्की तारीख: ६ एप्रिल, रविवार. आता फिरवायची नाही.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ६

आंघोळ, पूजा झाली. गाडीला फूल वाहिलं. डबा भरला. लेक काल आली, तिने बाबांना स्वच्छ शर्ट घातला, पाठीमागे सेफ्टी पिना लावत होती. मी म्हटलं, प्रवासात टोचतील. ती म्हणाली, आई, तू बाहेर जा.

भावजी इस्त्रीचे कपडे घालून आले. ग्रीस नाही, वास नाही. साहेबांना उचलून ओट्यावर ठेवलं.

दहापर्यंत धरण. दुपारी परत येऊन लिहिते.

त्याच दिवशी, दुपारी

धरण नाही.

भावजी आत गेले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. ह्यांना उचलायचं म्हणून पाय फाकवून उभे राहिले, कंबर वाकवली, दम धरला, जसं इंजिन उचलतात तसं. आणि उचललं तर हे एकदम वर आले. भावजींचा तोल गेला, ते मागे भिंतीला आदळले. हे त्यांच्या खांद्यावरून म्हणाले, जरा हळू रे, मी पत्रा नाही.

अंगणात आणलं. सीट बाहेर आली, अगदी गुळगुळीत. बसवलं. सीट आत गेली. हे एका बाजूला कलले. उचलून मध्ये बसवले, तर दुसऱ्या बाजूला कलले. हात टेकायच्या दांड्या दोन्हीकडे होत्या, पण त्या हातांपर्यंत पोचतच नव्हत्या. पट्टा लावला तो पोटावरून खाली मांडीवर आला. गादीवालीने एक उशी आणली, मग दुसरी.

ह्यांनी ओट्याकडे बघितलं. कोट, उशा, बटणं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, हा माणूस ओळखीचा वाटतो.

मग मला विचारलं, सीट ह्याच्या मापाची केलीस? म्हटलं, वर दोन बोटं जास्त. म्हणाले, हिशेबाची पक्की आहेस, पण उरलेलं नेहमी माझ्याच नावावर टाकतेस.

भावजी म्हणाले, कापतो, अर्ध्या तासात दोन्हीकडून कापतो, आज जायचंच. हत्यारं काढायला लागले. त्यांचा हात धरून हे म्हणाले, कापू नको. हिला बसायला जागा आहे.

मी बसले. दोघं मावलो, थोडी फटसुद्धा राहिली नाही. पट्टा दोघांना मिळून पुरला. भावजींनी इंजिन सुरू केलं. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं, म्हणाले, टायमिंग बरोबर केलंस. मग म्हणाले, आता बंद कर, थकलो. फाटक उघडलेलं होतं, ते लेकीने लोटून घेतलं.

तशीच बसून राहिले. ऊन हिरव्या बाजूकडून पिवळ्या बाजूला गेलं. डबा गाडीतच उघडला. भावजी साबण घेऊन नळावर हात धूत होते, हाताला काही लागलेलं नव्हतं तरी.

७ एप्रिल

सकाळी ह्यांनीच सांगितलं, कोटातल्या उशा काढ, मला पाठीला टेकायला हव्यात. काढल्या. कोट रिकामा झाला. म्हणाले, आता हा मला बेताचा करून दे. सेफ्टी पिना टोचतात.

म्हटलं, बरं झाल्यावर करू. त्यांनी माझ्या शिवणाच्या टेपकडे बोट दाखवलं.

देवाला विचारलं नाही. आईला मनात सांगितलं, माप घेतेय, रागावू नकोस.

घेतलं. छाती अठ्ठावीस. खांदा चौदा. कंबर चोवीस.

जेवण: तीन चमचे भात.

वर काही धरलं नाही.