मधल्या खोलीतला आरसा

६ नोव्हेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथे मोठ्याने बोलायची मला चोरी, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस.

काम लागलं हे तुला कळवलंच होतं. सुट्टीत येऊन राहायचा बंगला आहे, विकायला काढलाय. तो मी झाडायचा-पुसायचा आणि मागच्या खोलीत राहायचं. हा विकला की पुढच्या बंगल्यावर पाठवतो म्हणालेत. पण एक गोष्ट मी पोटात ठेवली होती. काम देताना साहेबांनी विचारलं की एकटीच ना, इथे लेकराबाळांचा पसारा चालणार नाही. हे जहाजावर, डोक्यावर छप्पर नाही, मी मान हलवली. गुंडी तेव्हा शेजारणीकडे होती. आता साहेब सोमवारी येतात तेव्हा तिला पोटभर पाजून मागे निजवते आणि जीव मुठीत धरून चहा करते.

खरी गोष्ट पुढेच आहे. हा बंगला बघायला कोणी येत नाही, गिऱ्हाईकं सगळी परदेशात. ती तिकडूनच कॉम्प्युटरवर घरात फिरतात. बोट लावलं की एक पाऊल पुढे, परत लावलं की पुढची खोली. त्याचे फोटो काढायला गेल्या आठवड्यात माणूस आला. तिवईवर कॅमेरा ठेवतो आणि तो कॅमेरा गरगर चहूकडे बघतो. फोटोवाला स्वतःच दाराआड लपतो, नाहीतर तोच दिसेल. न सांगता आला गं. मी गुंडीला खांद्यावर टाकलं आणि त्याच्या पुढे पुढे पळत राहिले. तो हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. तो स्वयंपाकघरात, मी बोळात. मधल्या खोलीचा फोटो काढला तेव्हा मी दाराबाहेर जरा कडेला, पाठ करून उभी. वाटलं जिंकले. पण त्या खोलीत आरसा आहे, दाराच्या अगदी समोर.

चादरी धुवायला नेणाऱ्या बाईने काल तिच्या फोनवर बंगला दाखवला. तिला काही दिसलं नाही, मला दिसलं. माझी पाठ आणि खांद्यावरून गुंडीचं तोंड. दोन्ही दात काढून हसतेय, तू शिवलेलं पिवळं झबलं घालून.

तुझी नजर सुईची. खाली बंगल्याचा कॉम्प्युटरवरचा पत्ता लिहिलाय, तो इंग्रजीत आहे, मी नक्षी उतरवावी तसा उतरवलाय. कोणाकडून तरी उघडून बघ आणि सांग, परक्या माणसाला दिसेल का.

तुझी घाबरट,
ससुली

१३ नोव्हेंबर

चि. ससुलीस,
अ. उ. आ.

तुझी नक्षी औषधाच्या दुकानवाल्यांच्या सुनेने तीनदा टाइप केली. पहिल्यांदा ट्रॅक्टर आला, दुसऱ्यांदा काहीच नाही, तिसऱ्यांदा तुझं घर. दिसेल का विचारतेस? मला तर त्या एवढ्या मोठ्या घरात दुसरं काही दिसलंच नाही. वर्षाची होत आली पोर आणि मी आज पहिल्यांदा पाहिली. नाक आपल्याकडचं आहे. झबलं काखेत काचतंय, तुला कळत नाही का? फोटोवरून माप घेतलंय, नवीन शिवते.

सुनेने ते माझ्या फोनवर घालून दिलं. आता सकाळी मशीनवर बसण्याआधी एक फेरी आणि संध्याकाळी एक. बाया ब्लाऊजचं माप द्यायला येतात त्याही फिरतात. वरच्या घरातल्या वहिनी रोज तुझं स्वयंपाकघर बघून जातात आणि नवऱ्याशी भांडतात. सगळ्या जणी शेवटी आरशापाशी येऊन थांबतात. तिसऱ्या खोलीतली चादर डावीकडे जास्त लोंबतेय, तेवढी नीट कर.

आता कामाचं. साहेबांना आपणहून सांग. उसवलेलं दाखवलं तर टाका घालता येतो, लपवलं तर फाटतं.

मी येऊन धीर दिला असता, पण मला गाडी लागते हे तुला माहीत आहे. गुंडीला पापा.

तुझी,
मावशी

२१ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

मावशी, काय करून ठेवलंस. साहेब सोमवारी आले ते पेढे वाटायचेच बाकी होते. घरात किती वेळा कोणी शिरलं ते ऑफिसात मोजलं जातं म्हणे. त्यांच्याकडे असले अकरा बंगले आहेत. बाकीच्यांना वीस नाहीतर तीस माणसं, आणि माझ्या बंगल्याला चारशेच्या वर. कुठे जास्त वेळ थांबले तेही कळतं. सगळे मधल्या खोलीत, आरशासमोर.

साहेबांनी आरशाभोवती दोन चकरा मारल्या, हात लावून पाहिला आणि म्हणाले की परदेशी लोकांची आवड काही कळत नाही. आता बाकीच्या दहा बंगल्यांतही तसलेच आरसे लावणार आहेत. चार तर मागवले. मी त्यांच्या मागे उभी. ते चारशे तुम्हीच ना गं? खरं सांग.

सांगायला तोंड उघडलं होतं. पण चहा आणू का एवढंच निघालं.

आता खरंखुरं गिऱ्हाईक आलंय. म्हातारं जोडपं आहे. शुक्रवारी मी हातात फोन धरून त्यांना घर फिरवून दाखवायचं, साहेब ऑफिसातून मधे दुभाष्याचं काम करणार. साहेबांना कळलं तर आम्ही दोघी रस्त्यावर. रात्रंदिवस तोच घोर आहे.

ससुली

२६ नोव्हेंबर

चि. ससुलीस आ.

चारशेतले साडेतीनशे तरी आमचे असतील. आजपासून बायकांना फेऱ्या बंद करायला सांगितलंय. वरच्या वहिनींनी तोंड पाडलं.

एकच लिहिते. तुला पाळण्यात घालून मी मशीन चालवायचे. आई गेलेली पोर सांभाळते म्हणून काम हातचं जाईल असं सगळे म्हणायचे. मी तुला कधी मागच्या खोलीत ठेवलं नाही. बायका ब्लाऊज न्यायच्या आणि जाताना तुझा गालगुच्चा घ्यायच्या. पोर म्हणजे चोरीचा माल नव्हे. सांग आणि मोकळी हो.

मावशी

१ डिसेंबर

ती. मावशीस,
कडकडून मिठी मारून नमस्कार.

बैस आणि मग वाच.

शुक्रवारी गुंडीला निजवून फोन धरला. हॉल दाखवला, ओटा दाखवला, नळ सोडून दाखवला. आजीबाई तिकडून काहीतरी म्हणाल्या, साहेब म्हणाले की बघ, मी सांगत नव्हतो का, त्यांना आरसाच बघायचाय. नेला फोन आरशासमोर. साहेब आरशाचं कौतुक करायला लागले तर आजीबाईंनी त्यांना मधेच थांबवलं. मग साहेबच अडखळले. मला म्हणाले की या विचारतायत, पिवळ्या झबल्यातलं बाळ कुठे आहे. आणि मग हळूच, कुठलं बाळ गं?

तेवढ्यात मागच्या खोलीतून गुंडीने भोंगा लावला. आता काय लपवायचं? मी तशीच फोन घेऊन गेले, तिला कडेवर घेतलं आणि एका दमात सगळं बोलले. माझी मुलगी आहे, मी खोटं बोलून काम घेतलं. आणि आरसा कोणाला आवडलेला नाही, माझी मावशी आणि तिच्याकडच्या बायका हिला बघायला येतात, ते चारशे त्याच. आणि मावशी, हे सगळं तिकडे सांगायचं कोणी, तर साहेबांनीच. बिचारे एकेक वाक्य सांगत होते आणि आवाज बारीक होत होता. आरशाचं वाक्य आलं तेव्हा म्हातारबाबा खुर्चीत मागे पडून हसले.

आजीबाईंनी सांगितलं की सहा महिने त्या घरं बघतायत, सगळी कागदात गुंडाळून ठेवल्यासारखी. चारशेंचं त्यांना ठाऊकही नव्हतं. ते दोघं वर्षातून दोन महिने येणार, दहा महिने घर बंद. बंद घराला वास येतो. आत कोणी राहतं का एवढंच त्यांना बघायचं होतं, ते आरशात दिसलं. घर घेतलं त्यांनी. अट एकच, आम्ही दोघींनी इथेच राहायचं, आणि मागच्या खोलीत नाही, बाजूच्या दोन खोल्यांत. खिडकी पूर्वेला आहे.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. खोटं बोललीस म्हणून चांगलेच रागावले. मी मान खाली घालून ऐकलं, चूक माझीच होती. मग गुंडीने त्यांची किल्ली धरली ती सोडेना. जाताना विचारत होते की आलेल्या चार आरशांचं काय करू.

एक वाईट बातमी आहे. घर विकलं की ते कॉम्प्युटरवरून काढतात. पंधरा तारखेला तुमच्या फेऱ्या कायमच्या बंद. गुंडी परवापासून धरून धरून चालतेय, ते आरशात दिसणार नाही. बघायचं असेल तर यावं लागेल. गाडी लागते तर लागू दे.

तुझी,
आता कमी घाबरट ससुली

८ डिसेंबर

चि. ससुलीस,
अनेक आशीर्वाद.

बारा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलंय. खिडकीची जागा, चार लिंबं आणि वहिनींनी दिलेली रिकामी पिशवी. झबलं काखेत सैल ठेवलंय. वहिनी विचारतायत की एक आरसा स्वस्तात मिळेल का.

न्यायला येऊ नकोस, पोरीला वारा लागेल. फाटकातून आत, हॉल, डावीकडे बोळ, रस्ता मला पाठ आहे. आल्यावर घर दाखवत बसू नकोस, ते बघून झालंय. पोरीला माझ्याकडे दे.

लोभ असावा असं दर वेळी लिहायची पद्धत आहे. या वेळी लिहीत नाही, घेऊनच येते.

तुझी,
मावशी