हरिभाऊंसाठी तळमजला

चंडीगड, १२ जून

ती. स्व. नंदकुमारकाका यांच्या चरणी मंजुषाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? काकू गेल्यापासून तुम्ही रात्री दूध-भाकरी कुस्करून वेळ मारून नेता असं तुमच्या शेजारच्या सुमनताईंनी मिरजेहून कळवलं, ते काही बरं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही (आमच्या भिंती पातळ आहेत), म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक, म्हणजे ठीक नाही. ह्यांची एअर फोर्समधली नोकरी संपली, मोहालीत नवी लागली, आणि सरकारी क्वार्टर तीस तारखेला रिकामं करायचंय. अठरा दिवस उरलेत. आम्हा दोघांचं काय, कुठेही पथारी पसरू. प्रश्न आहे हरिभाऊंचा आणि लीलावतीचा. हरिभाऊ आता तेरा वर्षांचे, कंबर धरलेली, जिना चढवत नाही. (जातीचे कुत्रे असले तरी सासूबाईंनी पिल्लाच्या पांढऱ्या भुवया बघून 'या हरिभाऊ' म्हटलं तेव्हापासून घरात त्यांना अहो-जाहोच आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) त्यांना तळमजला हवा. लीलावती पडली मांजर. तिला खाली गल्लीतली कुत्री नकोत आणि वरच्या मजल्यावर मला तिचं कठड्यावरून चालणं नको. डॉक्टर म्हणाले, या वयात दोघांची ताटातूट केलीत तर हरिभाऊ अन्न सोडतील. तेव्हापासून माझंच अन्न सुटलंय.

मनीमाजऱ्यात एक घर स्वस्तात मिळत होतं, पण जिना शिडीसारखा. हरिभाऊ पहिल्या पायरीवर बसले ते उठेचनात. ह्यांनी बत्तीस किलोंचे हरिभाऊ उचलून वर नेले. उतरताना हरिभाऊ आपले आपण आले, ह्यांना मात्र धरून आणावं लागलं. मग एका सोसायटीत नववा मजला पाहिला. तिथं जनावरांनी सामानाच्या लिफ्टमधून जायचं असा नियम. दार मिटताच हरिभाऊंनी जो सूर लावला तो नवव्या मजल्यापर्यंत खाली आला नाही. सेक्टर ६७ जवळचे घरमालक म्हणाले, खुशाल आणा, आमचीही गच्चीत कबुतरं आहेत. लीलावतीनं टोपलीच्या जाळीतून त्या कबुतरांकडे इतक्या मायेनं पाहिलं की मीच घर नाकारलं. आणखी सहा ठिकाणी 'कुत्ता' म्हणताच फोन ठेवला गेला.

म्हणून ठरवलं, पहिल्या वाक्यात कुत्रा काढायचा नाही, दुसऱ्यात काढायचा. मोहालीत सतविंदरजी म्हणून एक बाई आहेत. स्वतः वर राहतात, खालचा मजला भाड्यानं द्यायचा होता. पुढे हिरवळ, मागचं अंगण चहूबाजूंनी जाळीचं.  मी म्हणाले, "हम दो हैं जी, और हमारे हरिभाऊ. उनसे सीढ़ी नहीं चढ़ी जाती." दुसरं वाक्य माझ्या ओठांवर होतं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बुज़ुर्ग तां घर दी रौनक हुंदे ने." म्हातारं माणूस म्हणजे घराची शोभा. पुढे त्या विचारत गेल्या आणि मी खरं तेच सांगत गेले. वय? डॉक्टरांच्या हिशेबानं ऐंशी. खाणं? दोन वेळा, कांदा-लसूण वर्ज्य. बोलतात का? फारसं नाही, बेल वाजली तरच. फटाके वाजले की पलंगाखाली जाऊन बसतात, हेही सांगितलं. सतविंदरजींचे डोळे भरून आले. "इकहत्तर दी लड़ाई वेखी होनी," त्या म्हणाल्या, म्हणजे एकाहत्तरची लढाई पाहिली असणार. यानंतर कुत्रा हा शब्द माझ्या तोंडून निघेना. (लीलावतीचं सांगितलं. मांजर त्यांना चालतं.)

आता त्यांनी न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घेतलाय आणि हिरवळीवर वेताची खुर्ची आणून ठेवलीय. त्यांचे सासरे, बाऊजी, दुपारभर एकटे असतात, त्यांना सोबत झाली म्हणून त्या मला दुवा देतात. एक तारखेला हरिभाऊंसह राहायला जायचंय. हे म्हणतात, आपण एक अक्षर खोटं बोललो नाही. पण सतविंदरजींचा फोन आला की मी तो ह्यांच्याच हातात देते.

असो. तुम्हाला घोर लावायला लिहिलं नाही, सहजच लिहिलं. प्रकृतीला जपा.

तुमची सून,
मंजुषा

ता. क. तुम्ही पंधरा दिवस इथं येऊन हरिभाऊ व्हाल का? तुमचं वय अठ्ठ्याहत्तर, म्हणजे फार फरक नाही. बोलायचं नाही, कांदा मागायचा नाही, एवढंच पथ्य. मग खऱ्या हरिभाऊंना तुमचा कुत्रा म्हणून आत आणता येईल.

ता. क. (दुसऱ्या दिवशी) पत्र टाकायच्या आधीच माझा धीर सुटला. आज सकाळी हरिभाऊंनाच घेऊन सतविंदरजींच्या दारात गेले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यांनी हरिभाऊंच्या पांढऱ्या भुवयांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, बाऊजींना सांगून ठेवलंय की तुमच्या बरोबरीचं माणूस येतंय. दोन वर्षांनी त्यांनी आपल्या हातानं पगडी बांधलीय, पत्त्यांचा नवा जोड मागवलाय. आता त्यांना काय सांगू? "कुत्ता बेशक ले आओ जी, पर बुज़ुर्ग पक्का चाहिए."

तेव्हा काका, पंधरा दिवसांचं सोडा, सगळं सामान घेऊन तुमच्याच नावानं या. तुम्ही तिकडे एकटे राहता हे मला कधीच आवडलेलं नाही. घर आम्हाला मिळालेलं नाही, तुम्हाला मिळालंय. हरिभाऊंना तुमच्याकडे राहू द्याल ना?