पाय कोणाला नाहीत

सोलापूर, ५ जून १९३५
प्रोफेसरांनी सुटीत काम दिलंय: मुलांची बुद्धिचाचणी घ्या, तक्ता करा. बी. ए.च्या मानसशास्त्राचे मार्क त्यावर. आज मुलींच्या शाळेत चौदा झाल्या. विणकरांच्या पोरी फार मागे. राजम्मा, वय सात, उत्तरं पाच वर्षांच्या मुलीची. 'मंद' लिहून सही ठोकली. हेडमास्तरांनी नक्कल मागून घेतली. कशाला, ते विचारलंही नाही मी.

११ जून
राजम्माची आई दारात. "पोरीचं नाव काडलं की शाळेतनं. डोस्कं कमी हाय म्हनं. तुमी लिवलं म्हनं." हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोर आता मागावरच्या कांड्या भरते. आणखी तिघींना काढलंय. हेडमास्तरांना वर्गात जागा हवी होती, ती माझ्या सहीने झाली. अंगाचा नुसता तिळपापड. आणि सगळा राग त्यांच्यावरच नाही.

१२ जून
राजम्माच्या घरी गेले. तेच प्रश्न. घोडा, बदक, मासा: पाय कोणाला नाहीत? राजम्मा: "गोडा." त्या दिवशीही हेच, मी शून्य दिलेलं. आई हसायलाच लागली. भिंतीवर हात मारून म्हणाली, "गोडा म्हंजे हे की, आमच्यात."

भिंत. भिंतीला पाय नसतात, बरोबर आहे. जन्म या गावात गेला, रोज तेलुगू कानावर, आणि मला भिंतीचा शब्द माहीत नाही. मंद कोण?

बाकीचे प्रश्न आईने तेलुगूत विचारले. पोर सात वर्षांचीच आहे. जरा पुढेच.

१४ जून
शेरा बदला म्हणून हेडमास्तरांकडे गेले. म्हणाले, "सही तुमचीच ना? आता बाई रडली म्हणून बदलता?" रडली नव्हती, हसली होती. सांगून उपयोग नव्हता. "प्रोफेसरांचं लेखी आणा."

१९ जून
प्रो.चं पत्र. आईने विचारलेले प्रश्न ग्राह्य नाहीत. तक्ता आहे तसाच जोडावा, "छान झाला आहे." फाडणार होते. ठेवलं.

२१ जून
उद्या कॉलेजला परतायची गाडी. तक्त्यात राजम्माच्या नावापुढचं 'मंद' खोडून लिहिलं: परीक्षक तेलुगूत नापास. खाली सही. मार्क जातील, वडील घर डोक्यावर घेतील, घेऊ देत. पण शाळेतली नक्कल तशीच, आणि हेडमास्तर आता भेटतसुद्धा नाहीत.

संध्याकाळी राजम्माकडे गेले. कांड्या भरता भरता विचारलं तिने, "आक्का, माजं डोस्कं बरं झालं का आता?"

आधीपासून बरंच होतं, म्हटलं. तिला पटलं नाही.