आईच्या वाटणीचं पाणी

प्रिय धाकटे,

काल मामांनी फोनवर निकाल दिला: उन्हाळा संपेपर्यंत आई तुझ्याकडे राहणार, कारण मी तिला तहानेने मारते आहे. म्हणून हे लिहावं लागतंय. फोनवर तू रडतेस आणि मुद्दा राहून जातो.

तू त्यांना सांगितलंस ते खोटं नाही. आईला दिवसभरात पाऊण लिटरच मिळतं. त्यात चहा आला, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. वरच्या मजल्यावरच्या आमच्या तापलेल्या भिंतींना दिवेलागणीलासुद्धा हात लाववत नाही. परवा तिच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला आणि वळून बघते, तर त्याचं टोक तिच्या तोंडात. मी टॉवेल काढून घेतला. मोरीतली बादलीही हलवली. आई म्हणाली, तू तुरुंगात नोकरीला हवी होतीस, बढत्या मिळाल्या असत्या. मामा म्हणाले, अगं, लोक कुत्र्यालाही दारात पाणी ठेवतात. कुत्र्याच्या किडन्या शाबूत असतात, एवढंच मी म्हटलं, तर त्यांनी फोन आपटला.

आता तुला माहीत नसलेलं. गेल्या महिन्यात तू आली होतीस, तेव्हा मी कामावर गेले की तू तिला गार कलिंगड भरवायचीस. डॉक्टरांनी पाणी बंद केलंय, फळ कुठे बंद केलंय, हा तुझा हिशेब. शिवाय एवढा घाम येतोय, त्यातून जातच असेल की सगळं! नाही जात, बाई. उरलेलं आत साठतं, वजनकाट्यावर रोज दिसतं. तू गाडीत बसलीस त्याच दुपारी तिला आडवं होता येईना. छातीत बुडबुड वाजत होती, ओठ निळे पडले होते. रिक्षात मी तिला मागून धरून बसवलं. भर उन्हात, कोरड्या ठक्क रस्त्यावर आपली आई बुडत होती. डायलिसिसचं मशीन चालवणारी मुलगी मला सगळ्यांदेखत म्हणाली, एवढं पाजायची काय हौस होती? मी ऐकून घेतलं. आईला बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य हे: धाकटीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. मला काय वाटतं, ते तिने विचारलं नाही. माझा चेहराच तसा नाही म्हणा.

मग आज का सांगतेय? काल बॅग भरताना ती खुशीत होती. मी विचारलं, तिकडे जाऊन काय होईल, ठाऊक आहे ना? म्हणाली, ठाऊक आहे. पण धाकटी पोटभर देईल. ती तुझ्याकडे जगायला येत नाहीये. तुझ्या हातचं पाणी प्यायला येते आहे, आणि तुला काही कळू नये अशी तिची इच्छा आहे. माझी नाही. द्यायचं तर आता जाणूनबुजून दे. नाही म्हणायचं तर तिच्या तोंडावर म्हण, रोज.

तुझीच,
ताई

ड्रायव्हरबरोबर पाठवलं: गोळ्यांचा डबा. डायलिसिसची फाइल, पुढची पाळी गुरुवारी. कपड्यांची बॅग. वजनकाटा. आई, आज सकाळी एकावन्न किलो.