सहावा फर्मा

प्रिय सुईबाई,

त्या सकाळी आपल्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात खळ शिजवायची पाळी माझी होती. पातेल्यात पीठ कालवलं, मोरचुदाची चिमूट टाकली आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून एकसारखी ढवळत उभी राहिले. तू टेबल पुसलंस, सुया मोजून उशीत खोचल्यास, दोऱ्याला मेण लावलंस. मग माझ्याकडे न बघताच म्हणालीस, घडीबाई, लक्ष खळीत आहे की आणखी कुठे? मी म्हटलं, खळीतच आहे की. तू हसलीस, कारण माझ्या डाव्या हाताखाली रद्दीतला एक ताव होता आणि मी तो वाचत होते, हे तुला न बघता कळायचं. खळ करपली. दिवसभर सगळ्या पुस्तकांना जळका वास येत राहिला आणि तू कुणाला सांगितलं नाहीस.

अक्षर पाहून कोणाचं पत्र म्हणून चक्रावली असशील. हे माझं अक्षर आहे. कोंबडीचे पाय आहेत, पण माझे आहेत. आजवर तुला आमची जी पत्रं आली ती ह्यांनी लिहिलेली. मी शेजारी बसून सांगायची आणि हे लिहायचे. आम्ही सुखरूप आहोत, तुमची खुशाली कळवा, याच्या पलीकडे कधी गेलो नाही. आज जे सांगायचं आहे ते ह्यांना सांगून लिहवून घेण्यासारखं कधीच नव्हतं. ऐकून तू माझं नाव टाकशीलही, तो तुझा हक्क आहे. एवढंच मागते, शेवटपर्यंत वाच.

मी वाचायला कशी लागले ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तावाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. असे हजारो फर्मे माझ्या हाताखालून गेले आणि काळ्या मुंग्यांसारखी ती अक्षरं मला वाकुल्या दाखवत राहिली. जेवणाच्या सुट्टीत तू रद्दीतल्या तावावर बोट ठेवून मला एकेक अक्षर दिलंस. 'ज्ञ' बघून मी म्हटलं होतं, हा काय पाय मुडपून बसलाय? तू इतकी हसलीस की घास अडकला. पुढे मला वाचता येऊ लागलं, पण वाचायला मिळायचं ते खराब झालेल्या तावांवरचं. कुठल्या पुस्तकाचा मधला भाग, कुठल्याचा शेवटाच्या जरा अलीकडचा. माणसं जन्माला न येताच माझ्यासमोर भांडायची आणि भांडण मिटायच्या आत ताव संपायचा.

तुला ती कादंबरी आठवत असेलच, तू तिला कशी विसरशील. तिचा पाचवा फर्मा मला रद्दीत मिळाला. एक बाई सहा वर्षांनी परत आलेल्या पावलांचा आवाज ऐकते, उठते, कडीला हात लावते, आणि पान संपतं. सहावा फर्मा रद्दीत नव्हता. दोन दिवस माझ्या डोक्यात ती बाई कडीला हात लावून उभी होती. मग महिनाभराने वाचनालयाचे गृहस्थ एक प्रत घेऊन आले. एक्क्याऐंशी ते शहाण्णव पानं नाहीत म्हणाले. ह्यांनी मुकादम म्हणून सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि विचारलं, शेवटचा हात कोणाचा? तू म्हणालीस, माझा. पण मी मोजून शिवलंय, दादा, बारा फर्मे होते. हे म्हणाले, मोजलं असतंस तर बारा असते. कोणीतरी हसलं. पुढच्या महिन्यापासून तपासणीचं टेबल तुझ्याकडे येणार होतं, ते ह्यांनी तिथल्या तिथे दुसरीला देऊन टाकलं. तू सुई उशीत खोचलीस, मेणाचा तुकडा पिशवीत टाकलास आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस. भावाच्या गावी जाऊन उशांचे अभ्रे शिवतेस असं नंतर कळलं.

हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. तू दोन ओळी पाठवल्यास, त्या मी इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला. ह्यांच्याशी मी फार बोलत होते असं नाही. पण घरात कुणीतरी खोकणारं असलं की आपलंही असणं कळतं. आता सकाळी दूध तापवते तेव्हा उतू जातंय असं मीच मला सांगते. पहिलं वर्ष मी नुसती झोपायची आणि उठायची. मग एका दुपारी ह्यांच्या कपाटात कोऱ्या कागदांची थप्पी सापडली. कापताना उरलेले कागद आणून ठेवायची ह्यांना खोड होती. मी त्यांना घड्या घातल्या, शिवल्या, एक वही केली. माझी शिलाई तुझ्यासारखी सरळ नाही. त्या वहीत रोज एक ओळ लिहायची असं ठरवलं. वाचता येत होतं, पण बोटांना फक्त घडी माहीत. पहिली ओळ लिहायला पाऊण तास लागला आणि मनगट रात्रीपर्यंत ठणकलं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना शाई कुठली घेऊ म्हणून विचारायला गेले तर म्हणाले, वा वहिनी, या वयात ध्येय ठेवलंत. मी म्हटलं, मास्तर, ध्येय शिकलेल्यांचं असतं, माझा आपला नेम आहे. ते म्हणाले, माणसाचा काय नेम, असंही म्हणतात हं. मी म्हटलं, म्हणूनच रोज एक ओळ. मोडलाही नेम. मध्ये ताप आला तेव्हा अकरा दिवस, आणि एकदा काही कारण नसताना पंचवीस दिवस. विचारणारं कोणी नव्हतं, ना शाबासकी द्यायला ना रागवायला. आपणच ठरवायचं, आपणच मोडायचं आणि आपल्याच नजरेला नजर देत पुन्हा बसायचं, हे एकटीला फार जड जातं. तरी ओळीचं अर्धं पान झालं, मग पान. एक दिवस सामानाची यादी लिहून वाण्याकडे दिली. त्याने मान वर न करता ती वाचली आणि साखर, साबण, काड्यापेटी पुढ्यात ठेवली. एक शब्द विचारला नाही. तो आनंद मी घरी आणून कुठे ठेवू मला कळेना. खुर्चीवर पिशवी ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिले.

मग मी या पत्राला हात घातला. सुईबाई, मी हे चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, फर्मा हरवला. दुसऱ्यांदा, फर्मा राहून गेला. तिसऱ्यांदा, माझ्याकडून चूक झाली. वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की आपल्या बोलण्यात माणसाला लपायला किती जागा आहे. दूध सांडतं, कप फुटतो, चूक होते, सगळं आपोआप. वर या पत्रातही मी तेच केलं आहे बघ, बाईने कडीला हात लावला त्यानंतर एकदम महिन्यानंतरचं सांगितलं. मधलं सांगितलं नाही. आता सांगते. तू जेवायला गेलीस तेव्हा तुझ्या मोजून ठेवलेल्या गठ्ठ्यातून सहावा फर्मा मी काढला. पदराखाली घरी नेला. सकाळी परत ठेवीन असं ठरवलं होतं, पण सुट्टीनंतर तू तो गठ्ठा शिवलास आणि माझ्या येण्याआधीच तो पुठ्ठा चढवायला गेला होता. तू बरोबर मोजलं होतंस. बारा होते. ह्यांनी विचारलं तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते आणि मुकादमाची बायको चोर ठरेल म्हणून गप्प बसले. त्या बाईने दार उघडलं तेव्हा दारात दूधवाला होता. एवढ्यासाठी.

वहीच्या पहिल्या ओळीपासून मला हेच लिहायचं होतं. मास्तरांना वाटलं मी वेळ घालवते आहे, मीही त्यांना तसंच वाटू दिलं. माफी मागत नाही, कारण मागितली की तुला द्यायची की नाही याचं ओझं होईल. मागच्या सोमवारी, चौथ्या वेळी, मी काढला, मी नेला, मी गप्प बसले, ही तीन वाक्यं एकही खाडाखोड न करता लिहून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले, तेव्हाच्या तिघीजणी अजून कामावर आहेत त्यांना आणि नव्या मुकादमांना टेबलापाशी बोलावलं, आणि हीच तीन वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली.

तुझीच,
घडीबाई