वंदीचं 'येते'

८ नोव्हेंबर
वंदी आज 'येते' म्हणाली. फाटकातून वळता वळता, "बरं सुनंदा, येते मी." मी तशीच उभी राहिली, हातात झाडू. राजुऱ्यात जन्म, राजुऱ्यातच लग्न, पन्नाशी आली दोघींची. बाई असो का गडी, आपल्याकडं सगळे 'येतो'च म्हणते. माही माय 'येतो' म्हणे, तिची माय 'येतो' म्हणे. हे 'येते' कोणाचं आहे ते मले बरोबर माहीत आहे. सिमेंट कंपनीच्या कॉलनीतल्या अनघा मॅडमचं. पुण्याच्या आहेत. योगाच्या क्लासात वंदीची न त्यांची ओळख झाली, तेव्हापासून हिची जीभच बदलून गेली.
अन् मले 'सुनंदा' कधीपासून? शाळेपासून 'सुने' होती मी.

१० नोव्हें.
जाचं पक्कं झालं. वं.ची पोरगी पल्लवी कोइंबतूरले नोकरीले आहे. तिच्याकडं राहाचं अन् एक दिवस कुन्नूरच्या चहाच्या डोंगरात पायी फिराचं.
वाण्याच्या दुकानात चहाचा डबा होता. त्याच्यावर हिरवा डोंगर, पाठीवर टोपली घेतलेली बाई. शाळेतून येताना दोघी पाहत उभ्या राहो. वं. म्हणे, मोठ्या झालो का आपुन दोघी जाऊ. दोघी म्हणजे दोन.
आज म्हणते, "मॅडमला पण विचारलंय. त्यांना ट्रेकिंगचा अनुभव आहे." मॅडमला. मॅडमले नाई.
मी म्हटलं, हाव, बरं केलं. पोटात दुखलं ते दुखलंच. लिहून टाकतो, इथी कोण पाहते.

१७ नोव्हें., गाडीत
बल्लारशाहून बसलो. मी भाकरी न ठेचा आणला. मॅ.नी ओट्सचे लाडू. वं.नं आधी लाडू खाल्ला. "किती हलके झालेत हो." मंग माही भाकर अर्धीच घेतली, जड होते म्हणे. हेच तोंड माह्या घरी तीन तीन भाकरी हाणून उठे.
खिडकी मॅ.ले दिली. त्यांले गाडी लागते. आता रेल्वे कोणाले लागते बाप्पा?
बाई वाईट नाई तशी. मले शाल दिली अंगावर घ्याले. वाईट असती तर सोपं झालं असतं.

१९ नोव्हें., कोइंबतूर
कुन्नूर पाहून आलो. पाय भरून आले, पण आज लिहाचंच.
डोंगर डब्यावरच्या चित्रासारखाच आहे, जास्तच आहे. झाडं सारखी कापलेली, बाजेवर वाकळ अंथरल्यावानी. खाली धुकं, मधातच ऊन. मले रडू आल्यासारखं झालं. वं.ले सांगाव म्हटलं, "वंदे, डबा आठवते का?" पण वाट एका माणसाची. पुढं मॅ., मधात वं., मागं मी. मॅ. चहाच्या जाती सांगे अन् वं. 'हो का, हो का' करे. माह्या तोंडातलं तोंडातच राहिलं.
फोटो सगळे मी काढले. म्हणून एकाही फोटोत मी नाई.

मंग ते झालं. मॅ. झाडांच्या ओळीत खाली बसल्या, खालून आभाळाचा फोटो घ्याले. तेवढ्यात मागची झाडं हालली. मी अन् वं. एकदमच ओरडलो, "खाली बसू नका!"
आपल्याकडं मोहफुलं वेचाले जाणाऱ्या पोरीले माय पहिलं हेच शिकवते. रानात खाली बसू नको, बसलेलं माणूस त्याले जनावर वाटते. त्याचं नाव पण नाई घेत.
वं.नं माहा हात गच्च धरला. "उठ वो बाई, उभी राह्य! सुने, तू टाळ्या वाजव, मी हाकारतो!"
हाकारतो म्हणाली. सुने म्हणाली. मी अशा टाळ्या वाजवल्या का हात लाल झाले. वं. हो हो करून ओरडून राह्यली. भेव तर होतंच मले, पण खरं सांगू, तेवढा वेळ मी खुशीत होती. ते जे काही होतं ते अजून थोडं हालत राहाव, असं वाटलं.
झाडातून पत्ती तोडणारी बाई निघाली. डोक्यावरून पोतं सोडलेलं. आम्हाले पाहून हसली, तमीळमध्ये काहीतरी बोलली न गेली.
मॅ. पण हसल्या. "अगं, चहाच्या मळ्यात कुठला वाघ?"
अन् वं. त्यांच्यासंगं हसली. माहा हात सोडला. "सवय हो आमची, गावाकडची."
परत येताना तीच रांग.
जेवताना पल्लवीले सांगितलं. ती म्हणे, "मावशी, इथल्या डोंगरात पण वाघ आहे. बरं केलं." वं.नं माह्याकडं पाह्यलं. मी भातच कालवत राहिली.

२३ नोव्हें., राजुरा
घरी येऊन दोन दिवस झाले. वं. सकाळी फिराले आली नाई. मी पण बोलावलं नाई. मॅ.नी व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवलं, दोघींचा फोटो, 'मी आणि माझी मैत्रीण'. फोटो छान आला. माह्याच हातचा आहे.

२४ नोव्हें.
विहारात दिसली. माह्या बाजूले जागा होती, येऊन बसली. बुद्धवंदना संपली तशी उठून गेली. बसली काऊन मंग?

२५ नोव्हें.
संध्याकाळी वं.चा मेसेज. "उद्या सकाळी येऊ का?"
कितीदा वाचला. सुने नाई, सुनंदा नाई. 'येऊ का' असं लिहिलं का त्यात ना 'येतो' दिसते ना 'येते'. मोठी हुशार आहे. का हुशार नाई, तिलेच समजून नाई राह्यलं?
'एकटी का?' असं लिहिलं, खोडलं. 'तुही मर्जी' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'ये' एवढंच टाकलं.
भाकरीचं पीठ काढून ठेवलं. येऊ दे. काय बोलाचं ते बोलू दे. मले फक्त फाटकातून जाताना ती काय म्हणते तेवढं ऐकाचं आहे.