बियाचं पीठ

माय, चार दिस झाले, माझ्या डोळ्याला डोळा लागंना. सोमवारी दिवेलागणीला मी चुलीपुढं भाकरी थापत व्हते. दिवा कोनाड्यात पेटलेला व्हता. आन पोरगी म्हनली, "माय, दिवा लाव की गं, लई अंधार झालाय." मला वाटलं चेष्टा करतीय. म्या म्हणलं, "तुझ्या नाकापुढंच हाय की, शाने." मग तिनं भाकरीसाठी हात लांबवला तो थेट तापल्या तव्याकडं. म्या हात झिडकारला, ती रडाया लागली, आन रडताना बघत व्हती माझ्या कानामागच्या भिंतीकडं. चार वर्सांची हाय ती. दिवसा कोंबडीची पिलं लांबून वळखती. उन्हं कलली की भिंत धरून चालती. किती दिस अशी चालत असंल कुणाला ठाव. म्या कामाच्या गडबडीत बघितलंच न्हाय.

सासूबाई म्हनत्यात, सोनारीच्या भैरोबाचं कायतरी ऱ्हायलंय, नारळ फोडून यायला पायजे. जाऊ, नारळबी फोडू. पर हे काय हाय ते मला ठाव हाय, आन तुला तर व्हतंच. भाऊ लहान असताना त्यालाबी असंच झालं व्हतं. तू बांधावरच्या शेवग्याचा पाला वरबाडून आणलास, तांदुळजा आणलास, अंबाडी आणलीस, जोंधळ्याच्या कण्यात शिजवलंस, वर कारळाचं तेल. रोज तेच. तो तोंड वाकडं करायचा, "पुन्ना पालाच? मी काय शेळी हाय व्हय?" तू म्हनायचीस, "शेळी अंधारात बघती. खा गुमान." महिनाभरानं एका सांजेला तो जेवता जेवता म्हनला, "दिव्यावर पाखरू बसलंय बघ." तू उठून गोठ्यात गेलीस. मी मागनं आले तर तू म्हशीच्या पाठीवर तोंड ठेवून रडत व्हतीस.

मला तुझी पेरणीच जास्त आठवती. बा तिफण धरायचा, चाड्यावर त्याची मूठ. तू मागनं चालायचीस, ओटीत तुझं बी. चार वळी बाच्या जोंधळ्याच्या झाल्या की एक वळ तुझी, तिच्यात तूर, मूग, मटकी, अंबाडी, कारळ, राळं, तुझ्या मनाला येईल ते. बा चिडवायचा, "रानात जत्रा भरवती ही बाई." तू म्हनायचीस, "जत्रंत पयलं जेवाया तुमीच बसता." बा बैल थांबवून हसायचा. भादव्यात मूग निघायचा, तवर अंबाडीचा पाला चालू असायचा, मग मटकी, मग कारळ, अन् सगळ्यात शेवटी तूर. गरिबीच व्हती, पर ताटात भाकरीसंगं कायतरी असायचंच. एकदा म्या तुझ्या गाडग्यातली मूठभर मटकी भाजून खाल्ली, तर तू पळीनं पायावर वळ उठवलास. म्हनलीस, "हे खायचं न्हाय, पेरायचं हाय. तुझ्या आज्जीनं मला दिलंय." मला तवा लई राग आला. एवढ्याशा मटकीपायी कुणी लेकराला मारतं व्हय?

मग लग्नात माझी ओटी भरताना नारळाखाली तू सहा पुरचुंड्या ठेवल्यास, राखेत घोळलेलं बी. अर्धं मला, अर्धं भावाला. कानात म्हनलीस, "दागिना कमी पडला म्हनून रडू नगं. ह्यातलं मूठभर दरसाल मागं ठेव म्हंजी झालं." त्याच दिवाळीला तू गेलीस. त्याला आता धा वर्सं व्हतील.

माय, ते बी म्या सांभाळलं न्हाय. आधी सांभाळलं. सासऱ्याच्या रानात दरसाल दोन वळी माझ्या व्हत्या. पर लढाईच्या दिसांत सरकारची गल्ल्याची, दाण्याची वसुली सुरू झाली. एक दिस गावात आवई उठली, उद्या पटवारी आन शिपाई येणार, घरात जो दाणा दिसंल तो नेणार, पर पिठाला हात लावत न्हाईत. पहाटंपासून गावातली सगळी जाती घरघर कराया लागली. मी आन सासूबाई आमने-सामने बसून दळत व्हतो. जोंधळा सरला. मला गाडगी दिसली. मी भ्याले, माय. पोरगी पोटात व्हती, शिपाई मारत्यात असं ऐकलं व्हतं. म्या सगळी गाडगी जात्यात वतली. राळं, मूग, मटकी, कारळ, तूर, अंबाडीचं बी सुदीक. एक चिमूटबी मागं ठेवली न्हाय.

शिपाई आले. पटवाऱ्यानं रिकामी गाडगी पाह्यली, इचारलं, "ह्यात काय व्हतं?" म्या म्हणलं, "बी व्हतं. दळलं." तो असा हसला की शिपाईबी हसाया लागले. म्हनला, "अगं बाई, सरकारला जोंधळा पायजे. तुझं मूठभर राळं नेऊन सरकार काय चिमण्या पाळणार हाय?" त्या पिठाच्या तीन दिस भाकरी झाल्या. सासरे, आमचे आबा, म्हनले, आज भाकरीला चव हाय. मी खाली मान घालून वाढत व्हते.

पुढल्या पेरणीला सासऱ्यांनी जोंधळा लावलाच न्हाय. म्हनले, कापूस कुणी मागाया येत न्हाय. तवापासून दारापस्तोर कापूस हाय. रान इतकं साफ खुरपायचं की तांदुळजाचं एक पानबी ऱ्हात न्हाय. खायाला कंट्रोलच्या दुकानातला किडका दाणा, चटणी, कांदा. ह्याच भाकरीवर माझी पोरगी वाढली. शेवगा लावू म्हणलं, तर सासूबाई म्हनल्या दारात शेवगा नगं, घराला बरा न्हाय. शेजारणीच्या बांधावरनं दोनदा पाला आणला. तिसऱ्यांदा ती म्हनली, "आता झाडच उपटून न्ये की."

काल म्या मालकाला सांगितलं, मला रानात चार वळी द्या. ते म्हनले, "अन् पेरणार काय, तुझं नशीब?" मग सांजेला पोरगी उंबऱ्याला अडकून पडली, ते त्यांनी बघितलं. त्यांनीच तिला उचलून घेतलं. आज सकाळी बैलाला पाणी दावताना हळूच म्हनले, "इहिरीकडच्या दोन वळी घे. आबाला बोलू नगं." माय, वळी मिळाल्या. बी न्हाय. मिरगाला आठ दिस ऱ्हायलेत.

बी भावाकडं हाय. एका दिसाची वाट हाय. पर तो दर भाऊबीजेला इचारतो, "ताई, मायचं बी हाय न्हवं?" आन मी म्हनते, "हाय की, लई आलंय." दोन सालामागं त्याचं कारळ पावसानं गेलं. त्यानं मजकडं मागितलं. म्या भूमच्या बाजारातनं कारळ घेतलं, राखेत घोळलं, आन मायचं म्हनून त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधलं. त्यानं ते कपाळाला लावलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ? लेकराच्या डोळ्यापरीस माझी लाज मोठी झालीय, हे तुझ्यापुढंच कबूल करते.

भावानंच लहानपणी राखेत बोट फिरवून मला ही अक्षरं शिकवली. ह्या घरात वाचाया कुणालाच येत न्हाय, आन तुला तर कागद कुठं धाडू? रिकाम्या गाडग्यात ठेवते. ज्या वाचणाऱ्याच्या हाताला लागंल त्यानं एवढं करावं. माझा भाऊ भूमच्या बाजाराला येतो, बैलबाजाराच्या कडंला चिंचंखाली गाडी सोडतो, एका कानात बाळी हाय. त्याला सांगा, भाचीला सांजचं दिसंना, बी घेऊन ये. पिठाचंबी तुमीच सांगा. आन कारळाचं. मला सांगवत न्हाय.